डोरीनची तक्रार

डोरीन हार्लंडने जन्मात कधी तक्रार केली नव्हती आणि याचा तिला भारी अभिमान होता. नवरा गेला त्या आठवड्यात शेजारच्या पॉस्किटबाईंनी दारात येऊन विचारलं, "कशी आहेस गं?" तर ही म्हणाली, "बरी आहे. तक्रार नाही." वर चहा टाकू का म्हणून विचारलं. स्केल्बी गावच तसं. पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेला माणूससुद्धा तिथे 'जरा दुखतंय' यापलीकडे जात नाही. पण त्या गावातही डोरीन सगळ्यांच्या वरताण होती, कारण तिने उभं आयुष्य पैसे देऊन उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी घर चालवलं होतं.

घराचं नाव 'सी व्ह्यू'. समुद्र दिसायचा तो फक्त मागच्या न्हाणीघरातून, तोही टबाच्या काठावर चढलं तर. पण पाहुणे वर्षानुवर्षं परत यायचे. डोरीनचा एकच कायदा होता, घरातली ओली चादर पाहुण्याच्या नजरेला पडता कामा नये. एकदा तळघरात पाइप फुटून घोटाभर पाणी साचलं होतं. डेल, म्हणजे तिचा मुलगा, खाली बादल्या उपसत होता आणि ही वर हसतमुखाने अंडी वाढत होती. "आवाज कसला येतोय?" असं एका पाहुण्याने विचारलं तर म्हणाली, "भरतीचा."

आता वय झालं होतं. वरच्या दोनच खोल्या ती भाड्याने द्यायची. खाली डेल, त्याची बायको लॉर्ना आणि त्यांचा सात वर्षांचा विल्फ राहायचे. डेल समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीच्या बोटीवर, पंधरा दिवस पाण्यावर आणि पंधरा दिवस घरी. लॉर्ना दातांच्या दवाखान्यात.

विल्फ स्वमग्न होता. बोलायचा मोजकंच, पण घरातली प्रत्येक किल्ली त्याला पाठ होती. पाहुणा बाहेर निघाला की जिन्याजवळच्या आकड्याला किल्ली लावून जायचा आणि परत आला की उचलायचा. किल्ली आकड्याला आहे म्हणजे माणूस परत येणार, हे विल्फला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचं त्यानेच पाहून पाहून ओळखलं होतं. एखादा विसराळू पाहुणा किल्ली खिशात घालून निघाला, तर विल्फ दार अडवून उभा राहायचा. सात नंबरच्या खोलीचं छत गळायला लागल्यावर डोरीनने ती बंद केली आणि तिची किल्ली, लाकडी बिल्ल्यासकट, विल्फने घेतली. ती झोपेतसुद्धा त्याच्या मुठीत असायची.

शाळेचं पहिलं वर्ष झकास गेलं. मदतीला गेनॉर म्हणून एक बाई होती, पन्नाशीची, जाडजूड, सदा तोच हिरवा स्वेटर. ती दिवसभर विल्फच्या शेजारी बसायची. विल्फ वर्गात बसायला लागला, आकडे लिहायला लागला, एकदा तर दुसऱ्या मुलाला स्वतःचं बिस्किट देऊन आला. डोरीनने ही बातमी अख्ख्या गल्लीत सांगितली होती.

दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं, की एकाच माणसाची सवय लागणं मुलासाठी बरं नाही. माणूस मनाने वाईट नव्हता. भल्यासाठीच करतोय असं त्याला खरोखर वाटत होतं. गेनॉरला दुसऱ्या वर्गावर पाठवलं आणि विल्फजवळ पाळीपाळीने कुणीही यायला लागलं. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी, बुधवारी कुणी रजेवर असलं की तिसराच कुणीतरी अर्धा दिवस. पोरगं कोटांच्या खुंट्यांखाली जाऊन बसायला लागलं. डबा जसाच्या तसा परत यायला लागला. आणि एके दिवशी दुपारी, विल्फ आपल्याकडे नाही, हिच्याकडे आहे असं मदतीच्या दोन बायका एकमेकींबद्दल धरून चालल्या. विल्फ फाटकातून चालत बाहेर पडला. भरतीच्या वेळी समुद्राच्या भिंतीवर उभा असलेला सापडला. कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याने कॉलर धरून त्याला मागे ओढलं, म्हणून वाचला.

त्या दिवसापासून लॉर्नाने त्याला शाळेत पाठवणं बंद केलं. दिवसा तो डोरीनजवळ. शाळांचा कारभार बघणाऱ्या कौन्सिलकडे लॉर्नाने मागणी केली: ओळखीचं एकच माणूस, शाळेचा पूर्ण वेळ, आणि ते आजारी पडलं तर आधीपासून ठरलेलं दुसरं. हे सगळं कागदावर, पक्कं. कारण कागदावर तोवर एवढंच होतं, की 'गरजेनुसार मोठ्या माणसाची मदत मिळेल'. आता गरज कुणी ठरवायची आणि मोठं माणूस कुठलं, हे विचारायची सोय नव्हती.

कौन्सिलने कळवलं, आमची बाई घरी येऊन मुलाला बघून जाईल.

झालं. बाई येणार म्हणजे पाहुणी येणार. डोरीनच्या अंगात वीज संचारली. आदल्या दिवशी पडदे धुतले. सकाळी स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे गोड पाव, भाजले. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईला केस वाळवायचं यंत्र लावायची भारी हौस, आणि त्या आवाजाने विल्फ भिंतीवर डोकं आपटायचा. तेव्हा तिला आइस्क्रीमचे पैसे हातावर ठेवून धक्क्यावर फिरायला पिटाळलं. टोल देणारं घड्याळ बंद केलं. पोस्टमनला सांगून ठेवलं, आज घंटी वाजवू नकोस. विल्फच्या टोस्टच्या बोटभर पट्ट्या कापल्या, एकीलाही जास्त काळी कड नाही. खिडकीच्या कोपऱ्यात त्याची रजई अंथरली, किल्ल्यांचा डबा दिला आणि स्वतः हाताच्या अंतरावर खुर्ची टाकून बसली. हे काही त्या दिवसापुरतं नव्हतं म्हणा. यातलं निम्म्याहून अधिक ती रोजच करायची. इतकं रोज, की आपण काही करतोय हेच तिला दिसेनासं झालं होतं.

लॉर्ना अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायची होती, पण दवाखान्यात कुणाचा तरी दात निघता निघेना. ती येईपर्यंत मिस क्लो, म्हणजे कौन्सिलची बाई, येऊन बसलीसुद्धा. चांगली पोरगी होती, तरुण. शांत घर, किल्ल्यांची रांग लावत बसलेलं शांत मूल, आणि शेजारी आजी. तिने विचारलं, "घरी काही त्रास देतो का?"

"त्रास? छे गं. सोन्यासारखं पोर आहे," डोरीन म्हणाली. "आमची काही तक्रार नाही. आणखी एक स्कोन घे ना."

लॉर्ना धावतपळत आली तेव्हा मिस क्लो गाडीत बसत होती. "फार छान झालं बघ," डोरीनने सांगितलं. "तीन खाल्ले तिने."

आणि मग मागणी फेटाळल्याचं पत्र आलं.

लॉर्नाने ते वाचलं, घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं. वर न्यायासनाकडे दाद मागायची ठरवली. पण त्या दिवसापासून सुनेचं सासूशी बोलणं आटलं. म्हणजे 'दूध संपलंय', 'मी निघते' एवढं चालू होतं. त्या घरात भांडण म्हणजे हेच, आवाज चढवायची पद्धतच नव्हती. डोरीनला वाटलं, मी बाईला लॉर्ना येईपर्यंत थांबवून घेतलं नाही, त्याचा राग असेल. विचारायचा धीर तिला झाला नाही.

सुनावणी जूनमध्ये लागली. हल्ली सगळं कॉम्प्युटरवरच. पाहुण्यांच्या जेवणघरातल्या मोठ्या टेबलावर लॉर्नाने लॅपटॉप उघडला. डेल बोटीवर होता. पडद्यावर न्यायाधीशबाई, त्यांच्या बरोबरीचे दोघं, आणि कौन्सिलचे वकील, मिस्टर पेनिंग्टन. डोरीन विल्फला घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मधल्या भिंतीत बश्या सरकवायची एक छोटी खिडकी होती. तिचं लाकडी झाकण डोरीनने बोटभर उघडं ठेवलं होतं. चोरून ऐकायला नव्हे. चहा लागला तर कळावं म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

लॉर्ना बोलत होती. समुद्राच्या भिंतीचं सांगितलं, डब्याचं सांगितलं.

मग मिस्टर पेनिंग्टन बोलायला लागले, अगदी मऊ आवाजात. "आईची काळजी आम्हाला समजते. पण आमच्या अधिकारी प्रत्यक्ष घरी गेल्या होत्या. मूल पूर्ण वेळ शांत होतं. आणि दिवसभर मुलाला सांभाळणाऱ्या आजीच्याच शब्दांत सांगायचं तर, 'त्रास? छे. सोन्यासारखं पोर आहे. आमची काही तक्रार नाही.' आमच्या निर्णयाचा मोठा आधार हाच आहे."

डोरीनच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

पलीकडे लॉर्ना हळूच म्हणाली, "त्या तसं सगळ्यांनाच सांगतात."

"आजी आज उपलब्ध आहेत का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नको," लॉर्ना म्हणाली. "त्यांनी चांगुलपणाने सांगितलं होतं. त्यांना यात ओढायचं नाहीये मला."

डोरीनला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. म्हणजे आपलं हे वाक्य इतके महिने पोरीच्या पर्समधल्या त्या पत्रात होतं. हिला माहीत होतं, सासूच्या एका वाक्याने आपल्या लेकराचं नुकसान केलं, आणि हिने चकार शब्द काढला नाही. डोरीनला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला, सगळा स्वतःचा. तिने फडकं ओट्यावर आपटलं, खिडकीचं झाकण सर्रकन वर सारलं आणि डोकं बाहेर काढलं.

"मी इथे आहे," ती म्हणाली. "मीच ती आजी."

लॉर्ना दचकून वळली. न्यायाधीशबाई पडद्यावर जरा पुढे झुकल्या. "मिसेस हार्लंड, आपण इकडे येऊन कॉम्प्युटरसमोर बसाल का?"

"नाही जमायचं, मॅडम. मी तिकडे आले तर तो इकडे एकटा राहील."

मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मग कॉम्प्युटरच तिकडे वळवा." लॉर्नाने लॅपटॉप उचलून खिडकीसमोर धरला. एवढ्या महिन्यांनी दोघींची नजर धड भिडली.

"सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आपल्याला काय सांगायचंय?"

"मला तक्रार करायची आहे," डोरीन म्हणाली. "सवय नाही हो मला, म्हणून चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पहिली तक्रार माझ्याबद्दल. मी त्या पोरीशी खोटं बोलले. म्हणजे खोटं नाही, पण पाहुण्यांशी बोलतात तसं बोलले. पाहुणा विचारतो 'सगळं ठीक ना?' तर आपण काय तळघरातलं पाणी दाखवतो?"

"पण मूल शांत होतं, हे तर खरं?" मिस्टर पेनिंग्टननी विचारलं.

"होतं ना. का होतं ते विचारा की."

ती सांगायला लागली. टोस्टच्या पट्ट्यांचं, घड्याळाचं, पोस्टमनचं. सांगता सांगता वरच्या मजल्यावर अचानक घूं असा आवाज सुरू झाला. डोरीन चटकन मागे वळली. तिच्यामागून किंकाळी आली, तीही अशी की मिस्टर पेनिंग्टननी कानावरचा हेडफोन काढला. मग धडधड, भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज. डोरीन खिडकीतून नाहीशी झाली.

पडद्यावरच्या माणसांना पुढचं दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. एकेक किल्ली खुळखुळल्याचा आणि एका म्हातारीचा संथ, खालचा आवाज. "एक नंबर, मिस्टर लॉफ्टहाउस. दोन नंबर, बहिणी-बहिणी. तीन नंबर, दुरुस्तीला. चार नंबर..." किंकाळी चालूच. म्हातारी पुन्हा एक नंबरपासून. तेच शब्द, तीच चाल. तिसऱ्या खेपेला किंकाळीचं हुंदक्यात रूपांतर झालं. "सात नंबर?" म्हातारीने विचारलं, आणि एक बारीक आवाज म्हणाला, "विल्फ."

लॉर्ना लॅपटॉप हातात धरून उभी होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिला हात रिकामा नव्हता.

डोरीन परत खिडकीत आली तेव्हा तिचा एक हात खाली, विल्फच्या डोक्यावर होता. केस विस्कटलेले. "माफ करा हं. वरची बाई केस वाळवतेय. तिला सांगायचं आज माझ्या डोक्यातूनच गेलं."

"आणि आमच्या अधिकारी आल्या त्या दिवशी?" मिस्टर पेनिंग्टननी विचारलं. आवाज आता जरा कमी मऊ होता.

"त्या दिवशी तिला आइस्क्रीम खायला पाठवलं होतं."

न्यायाधीशबाईंच्या शेजारच्या गृहस्थांनी हसू लपवायला पाण्याचा पेला उचलला.

"मिसेस हार्लंड," मिस्टर पेनिंग्टन म्हणाले, "तुम्ही त्याला उत्तम सांभाळता. प्रश्न एवढाच, की कायम एकाच माणसावर मूल अवलंबून राहिलं तर ते पुढे कसं जाणार? शाळेचा विचार..."

"साहेब, तुमचं लग्न झालंय?"

"हो, पण..."

"मग सकाळचा चहा एकाच बायकोबरोबर घेता की सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी? अवलंबून राहाल म्हणून?"

आता मात्र न्यायाधीशबाईही खोकल्या.

"तुम्ही चिडू नका," डोरीन म्हणाली. "पण आमचे मिस्टर लॉफ्टहाउस दरवर्षी इथे यायचे. एक नंबरची खोली, तेच टेबल, अंडंही दरवर्षी तसंच उकडलेलं. एके वर्षी मी त्यांना चार नंबर दिली. चांगली मोठी होती. माणूस दुसऱ्या दिवशी बॅग भरून निघून गेला. साठीचा घोडा, बँकेतला मॅनेजर. आणि इथे सात वर्षांच्या पोराने रोज नवं माणूस हसत हसत घ्यावं म्हणता? माझ्याजवळ तो शांत असतो, कारण मी असते. सकाळीही मीच, दुपारीही मीच. त्या मिस क्लोने शांत पोर पाहिलं, पण त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेली म्हातारी तिला दिसली नाही. दोष तिचा नाही. ती दिसू नये म्हणूनच मी इतकी धडपडले होते. आता मी बहात्तर वर्षांची आहे. मला शाळेत येऊन बसता येणार नाही. शाळेत त्याला माझ्यासारखं कुणीतरी द्या. एवढंच मागतेय ही पोरगी, आणि तुम्ही माझंच वाक्य तिच्या डोक्यात घालताय. ही माझी दुसरी तक्रार."

न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "मिस्टर पेनिंग्टन, आपल्याला आणखी काही विचारायचंय?"

मिस्टर पेनिंग्टननी समोरचे कागद जुळवून ठेवले. "नाही," ते म्हणाले. "काही नाही."

लॅपटॉप मिटल्यावर लॉर्ना स्वयंपाकघरात आली. विल्फ टेबलाखाली होता.

"तू मला सांगितलं का नाहीस, पोरी?" डोरीनने विचारलं.

"तक्रार करायची कशी ते या घरात मला कुणी शिकवलंच नाही ना, डोरीन," लॉर्ना म्हणाली. "तुम्ही पण कमाल करता. डोकं काय बाहेर काढलंत, मला वाटलं आता अंडी कशी हवीत विचारणार सगळ्यांना."

मग दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डोरीनने रीतीप्रमाणे किटली चढवली.

निकाल जुलैत आला. लॉर्नाने तो जिन्यात बसून मोठ्याने वाचला: ओळखीचं, शिकवून तयार केलेलं एकच माणूस, शाळेचा पूर्ण वेळ; ते नसेल त्या दिवसासाठी ठरलेलं दुसरं, तेही ओळखीचं; आणि दुसऱ्या कुठल्याही कामासाठी त्या माणसाला विल्फजवळून हलवायचं नाही. मागितलेलं सगळं मिळालं होतं, एक शब्दही न कापता. लॉर्नाने आनंदाने अशी आरोळी ठोकली, की वरची बाई ओल्या केसांनी खाली धावत आली. डोरीनने बोटीवर फोन लावून डेलला सांगितलं, तर तोही रडायला लागला आणि मागे सगळी बोट टाळ्या वाजवत होती.

मुख्याध्यापकांनी गेनॉरलाच परत दिलं. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, 'माझं चुकलं', आणि डोरीनने त्यांनाही स्कोन पाठवले. सुट्टीभर गेनॉर आठवड्यातून दोनदा 'सी व्ह्यू'वर येऊन बसली. ठरलेली दुसरी बाईही तिच्याबरोबर यायची.

सप्टेंबरात शाळा उघडली. फाटकापर्यंत डोरीन, लॉर्ना आणि बोटीवरून आलेला डेल, तिघंही गेले. गेनॉर उभी होती, त्याच हिरव्या स्वेटरमध्ये, कोपर उसवलेला. विल्फ थांबला. फाटकाकडे बघितलं, मुलांकडे बघितलं. गेनॉरने हात पुढे केला नाही. नुसती उभी राहिली.

विल्फने मूठ उघडली. सात नंबरची किल्ली त्याने वळून डोरीनच्या हातात ठेवली, बोटांनी तिची मूठ मिटली, आणि गेनॉरच्या शेजारून चालत आत गेला.

डोरीनला कळलं. किल्ली ठेवून जाणारा माणूस परत येतो. आणि कुठे निघालोय हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तोच किल्ली ठेवून जातो.

परतताना कोपऱ्यावर पॉस्किटबाई भेटल्या. हातात पाव, नाकावर चष्मा. डोरीनचे लाल डोळे बघून त्यांनी विचारलं, "काय गं, सगळं ठीक ना?"

डोरीनने किल्ली घट्ट धरली. घरी जाऊन ती आकड्याला लावायची होती, साडेतीनला शाळा सुटेपर्यंत.

"तक्रार नाही," ती म्हणाली. या खेपेला ते खरं होतं.